दोचुला खिंडीतील 108 चोर्तेन: युद्धस्मारकाचे छायाचित्र कसे घ्यावे?

देवराई (धागाकर्ती)
डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही भूतानला जाऊन आलो. थिंफूहून पुनाखाला जाताना वाटेत दोचुला खिंड लागते. (‘ला’ या शब्दाचाच अर्थ खिंड असल्यामुळे ‘दोचुला खिंड’ ही द्विरुक्ती होते हे मला ठाऊक आहे, परंतु आपल्याकडे तसेच म्हणण्याचा प्रघात पडला आहे.) होंगत्शोच्या तपासणीनाक्यावर कागदपत्रे दाखवून गाडी पुढे चढू लागली, तसे झाडांच्या फांद्यांवर शेवाळाच्या दाढ्या दिसू लागल्या, आणि सुमारे 3,100 मीटर उंचीवरच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा चहूकडे दाट धुके होते. रस्ता ज्या टेकाडाला वळसा घालतो, त्या टेकाडावर 108 चोर्तेन एकमेकांना खेटून उभे आहेत. चोर्तेन म्हणजे स्तूप. मात्र आपल्याकडच्या लेण्यांतल्यासारखा घुमटाकार नसून चौकोनी, चुन्याने पांढरा रंगवलेला, वरच्या भागात तांबडा पट्टा, त्यावर दगडी पाट्यांचे छप्पर आणि टोकाला सोनेरी कळस असलेला. त्या दगडी पाट्यांच्या कडांवरून धुक्याचे पाणी थेंब-थेंब गळत होते आणि चुन्यावर राखाडी ओघळ उमटले होते.

मी तिथे दोन तास थांबले आणि दोनशेच्या आसपास छायाचित्रे घेतली. पुण्याला परतल्यावर ती घरातल्या मोठ्या पडद्यावर लावली, तेव्हा माझ्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “किती सुंदर बाग आहे ही!” तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे. हे स्मारक सैनिकांच्या मृत्यूनंतर उभे राहिले आहे आणि माझ्या दोनशेपैकी एकाही छायाचित्रात ते कळत नाही. त्यांत चुकीचे काही नाही, रेषा सरळ आहेत, रंग नीट आले आहेत, पण पाहणाऱ्याला बागच दिसते. इथे अनुभवी मंडळी आहेत म्हणून मनापासून विचारते: युद्धस्मारक युद्धस्मारकासारखे दिसावे, यासाठी तुम्ही काय करता?

कातळवाट
देवराई ताई, प्रश्न छायाचित्रणाचा असला तरी सुरुवात स्मारकापासूनच करावी असे मला वाटते, कारण काय घडले हे नीट ठाऊक असेल तर कॅमेरा कुठे धरावा हेही हळूहळू सुचत जाते.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आसाम आणि उत्तर बंगालमधल्या सशस्त्र संघटनांनी भूतानच्या दक्षिणेकडील जंगलात तळ उभारले होते. उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या त्या तीन संघटना. भूतान सरकारने त्यांच्याशी अनेक वर्षे बोलणी केली, पण ती फळाला आली नाहीत. अखेर 15 डिसेंबर 2003 रोजी भूतानच्या शाही सेनेने सुमारे 30 तळांवर कारवाई सुरू केली आणि चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः सैन्याबरोबर होते. जेमतेम काही हजारांचे सैन्य असलेल्या देशाची ही आधुनिक काळातली पहिली मोठी लष्करी मोहीम होती, आणि त्या मोहिमेत भूतानी सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ आणि राजे सुखरूप परतल्याबद्दल, थोरल्या राणी आशी दोर्जी वांगमो वांगचुक यांच्या पुढाकाराने 2004 मध्ये हे चोर्तेन उभे राहिले. त्यांना ‘द्रुक वांग्याल चोर्तेन’ म्हणतात. नावातल्या ‘ग्याल’मध्ये विजयाचा अर्थ आहे, पण त्या टेकाडावर विजयस्तंभाचा ताठा कुठेही आढळत नाही. चोर्तेन उभारल्याचे पुण्य सर्व जीवांना अर्पण करावे अशी बौद्ध परंपरा आहे, आणि ‘सर्व जीव’ म्हटल्यावर त्यात कोणाची बाजू उरत नाही.

आता रचनेकडे पाहू. चोर्तेन तीन थरांत आहेत: सर्वांत खाली 45, मधल्या थरात 36 आणि वरच्या थरात 27. या तिन्ही संख्यांना नवाने भाग जातो आणि त्यांची बेरीज 108 होते. तुम्ही घेतलेल्या छायाचित्रांत हे तीन थर वेगवेगळे ओळखू येतात का, हे एकदा तपासून पाहावे. बहुतेकांची छायाचित्रे रस्त्याच्या बाजूने घेतलेली असतात, आणि तिथून सगळे चोर्तेन एका गठ्ठ्यात दिसतात.

आपल्याकडचे एक उदाहरण सांगतो. भाजे लेण्यांत दगडात कोरलेल्या 14 लहान स्तूपांचा एक समूह आहे. त्यातले पाच आत आहेत आणि नऊ बाहेर. ते तिथे राहून गेलेल्या भिक्षूंच्या स्मरणार्थ आहेत आणि त्यांतल्या काहींवर त्या स्थविरांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत. एकट्या स्तूपाकडे पाहताना आपण वास्तू पाहतो. तेच स्तूप ओळीने उभे असले की माणसे आठवतात. हे मला भाज्याला बसून कळले आणि दोचुलाला गेल्यावर पुन्हा आठवले.

छायाचौकट
कातळवाट यांनी पाया घातला आहे, मी फक्त तंत्राचे बोलतो.

धुक्यात पांढरी वस्तू टिपताना कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसते. समोरचे सगळे पांढरे त्याला अतिउजेड वाटते आणि तो ते राखाडी करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करण्याची सोय) अधिक एकपासून सुरू करावे आणि हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) उजवीकडे सरकलेला, पण कडेला आदळलेला नाही, इतपत वाढवावे. कळसांचा सोनेरी रंग सर्वांत आधी जळतो, त्यामुळे लक्ष कळसांवर ठेवावे. चित्र रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने काही संस्कार न केलेल्या मूळ रूपात) घ्यावे, कारण धुक्यातला प्रकाश निळसर असतो आणि चुन्याचा ऊबदार पांढरेपणा नंतर जपून परत आणता येतो. तो पूर्ण शुभ्र मात्र करू नये. देवराई यांनी लिहिलेले राखाडी ओघळ हे त्या चुन्याचे वय आहे, ते पुसले गेले तर भिंत कालच रंगवल्यासारखी दिसेल.

रुंद कोनाची लेन्स सगळ्यांच्या गळ्यात असते, आणि बाग दिसते ती तिच्यामुळेच, कारण समोरचे गवत, पायऱ्या, आकाश असे सगळे तिच्यात येते. त्याऐवजी 85 ते 135 मिलिमीटरची लेन्स घेऊन एका थराच्या टोकाला उभे राहावे आणि ओळीकडे तिरके पाहावे. चोर्तेन एकमेकांवर रचल्यासारखे जवळ येतात, तांबड्या पट्ट्यांची एक सलग रेष तयार होते आणि मोजणे अशक्य होते. संख्या जाणवणे म्हणजे नेमके तेच. छिद्रमान (लेन्सचे छिद्र किती उघडायचे ते) एफ 8 ते एफ 11 ठेवावे.

आणखी एक गोष्ट. समोरच्या उपाहारगृहात शेगडीपाशी चहा प्यायला जाल, तेव्हा कॅमेरा पिशवीत बंद करूनच आत न्यावा आणि पिशवी अर्धा तास उघडू नये. थंडीतून एकदम उबेत आणला की लेन्सवर दव धरते आणि ते आतल्या काचांपर्यंत पोहोचले तर दिवस वाया जातो.

हिमरेषा
मी थोडे वेगळे मत मांडते. धुके गेल्यावर दोचुलावरून जे दिसते ते या स्मारकापासून वेगळे काढता येणार नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, पहाटे लवकर पोहोचल्यास, पूर्व हिमालयाची रांगच्या रांग समोर उभी असते: मसागांग, त्सेंदागांग, तेरीगांग, जेजेकांगफुगांग, आणि त्यांच्याही पलीकडे 7,570 मीटर उंचीचे गांगखर पुएन्सुम, जे भूतानमधील सर्वोच्च शिखर असून ज्याच्यावर आजवर माणसाचे पाऊल पडलेले नाही. भूतानने 1994 मध्ये 6,000 मीटरपेक्षा उंच शिखरांवर चढाई थांबवली आणि 2003 मध्ये गिर्यारोहण पूर्णपणे बंद केले. ज्या वर्षी त्या देशाला जंगलात सैन्य उतरवावे लागले, त्याच वर्षी शिखरे कायमची अस्पर्श ठेवण्याचा निर्णयही पूर्ण झाला. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नसेल, पण चोर्तेनांच्या मागे ती शिखरे एका चौकटीत आली की मला हे आठवल्याशिवाय राहत नाही. म्हणून देवराई ताईंनी स्वच्छ हवेत एकदा पुन्हा जावे.

छायाचौकट
हिमरेषा, तुमच्या भावनेचा मी आदर करतो, तरीही छायाचित्राच्या बाबतीत माझा अनुभव उलट आहे. हिमशिखर चौकटीत आले की डोळा तिथेच जातो आणि चोर्तेन त्या शिखराची महिरप होऊन बसतात. माझ्याकडे असे एक चित्र आहे आणि ते पाहणारा प्रत्येक जण शिखराचे नाव विचारतो. इतक्या वर्षांत एकानेही चोर्तेन कोणासाठी बांधले हे विचारलेले नाही. शिखरे घ्यावीत, पण ती वेगळी घ्यावीत.

सीमेवरची
माझे यजमान सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पात होते. फुंत्शोलिंगहून थिंफूला जाणारा रस्ता याच प्रकल्पाने 1960 च्या दशकात बांधला. त्या निमित्ताने आम्ही काही वर्षे भूतानात राहिलो, म्हणून थोडे लिहिते.

दरवर्षी 13 डिसेंबरला दोचुलावर ‘द्रुक वांग्याल त्सेचू’ होतो. 2011 पासून हा उत्सव सुरू आहे. इतर ठिकाणच्या त्सेचूंत मुख्यतः भिक्षू मुखवटे घालून नाचतात. इथे मात्र सेनेचे जवान नाचतात, हे त्याचे वेगळेपण आहे. उघड्या कुरणात, कडाक्याच्या थंडीत, ज्यांचे सोबती त्या मोहिमेत गेले त्यांच्याच सेनेतली मुले जड रेशमी वस्त्रे सांभाळत गिरक्या घेतात. मी पाहिला त्या दिवशी नाच संपल्यावर एक जवान मुखवटा काखेत धरून चोर्तेनांच्या खालच्या थराशी गेला, घाम पुसला, डोके टेकवले आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी तो उचलला नाही, आणि त्याची मला आजही खंत नाही.

वर टेकडीवर जे मंदिर आहे, द्रुक वांग्याल ल्हाखांग, ते राजेशाहीच्या शताब्दीच्या सुमारास बांधून 2008 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवर चौथ्या राजांच्या कारकिर्दीची चित्रे आहेत आणि त्यांत जंगलातली ती मोहीमसुद्धा पारंपरिक शैलीत रंगवलेली आहे. आत छायाचित्रणाला मनाई आहे. देवराई ताई, ज्यांनी ती चित्रे पाहिली नाहीत त्यांना बाहेरचे चोर्तेन बागेसारखेच दिसणार. तुम्ही वर गेला होतात का?

देवराई
सीमेवरची ताई, आम्ही वर गेलोच नाही. गाडीवाल्या दादांनी सुचवले होते, पण पुनाख्याला पोहोचायला उशीर होईल या विचाराने आम्ही टाळले. तुमचे वाचून फार चुकल्यासारखे वाटते आहे.

कातळवाट
मोहीमच भिंतीवर रंगवलेली आहे हे वाचून आपल्या वीरगळांची आठवण झाली. गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे उभे असलेले ते दगड. त्यांच्या खालच्या चौकटीत पडलेला वीर असतो, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला वर नेत आहेत, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. एकाच दगडावर पूर्ण कथा सांगून होते. दोचुलाला कथा मंदिराच्या आत आहे आणि बाहेर फक्त संख्या आहे. म्हणून बाहेरच्या चित्राला दोन ओळींची जोड द्यावीच लागेल. चित्राने सगळे एकट्याने सांगावे हा हट्ट इथे सोडलेला बरा.

एक माहिती जोडतो. चोर्तेनच्या मधोमध मंत्र लिहिलेला ‘सोकशिंग’ नावाचा लाकडी खांब असतो, त्याला जीवनवृक्ष समजतात. स्तूपाच्या तळाशी जुनी शस्त्रे पुरण्याची प्रथाही हिमालयातल्या बौद्ध परंपरेत आहे. हिंसा दडपली जावी, पुन्हा वर येऊ नये, हा त्यामागचा भाव. म्हणजे बाहेरून जी भिंत आपण टिपतो, तिच्या आत खरे काय ते आहे.

घाटमाथा
हा धागा वाचताना एक गोष्ट लिहावी की लिहू नये असे झाले होते. लिहितो.

ऑक्टोबर 2019 मध्ये याच दोचुलावर भारतातून मोटारसायकलींवर गेलेल्या गटातला एक जण चोर्तेनच्या माथ्यावर चढून उभा राहिला आणि त्याचे छायाचित्र सगळीकडे पसरले. तो महाराष्ट्रातला होता. भूतानच्या पोलिसांनी त्याला चौकशीसाठी थांबवून घेतले आणि त्याने माफी मागितली. मी स्वतः दुचाकीवर लांब फिरणारा आहे. त्यानंतरच्या वर्षी नव्हे, पण पुढे मी भूतानला गेलो तेव्हा थिंफूतल्या एका दुकानदाराने मी कुठला हे विचारले आणि ‘महाराष्ट्र’ म्हटल्यावर तो क्षणभर गप्प झाला. कदाचित ते माझ्या मनाचे खेळ असतील. तरीही दोचुलाला मी हेल्मेट काढून, बूट पुसून चढलो आणि पहिली वीस मिनिटे कॅमेरा बाहेर काढला नाही.

म्हणून जाणाऱ्यांना हात जोडून काही गोष्टी सांगतो. चोर्तेन नेहमी आपल्या उजव्या हाताला राहील अशीच प्रदक्षिणा घालावी, चांगल्या कोनासाठीसुद्धा उलटे चालू नये. जोत्यावर पाय देऊ नये, त्यावर बॅग किंवा ट्रायपॉड टेकवू नये, आणि पाठ टेकून तर बसूच नये. परवानगीशिवाय ड्रोन उडवण्यास भूतानमध्ये बंदी आहे. आसपासच्या उतारावर उंच काठ्यांना लावलेल्या पांढऱ्या उभ्या पताका दिसतात, त्यांना ‘मनिदार’ म्हणतात. त्या मृतांसाठी लावलेल्या असतात, बऱ्याचदा त्याही 108. चौकटीत आडव्या येतात म्हणून त्या बाजूला सारणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. कोणाच्या घरी नुकतेच कोणी गेलेले असताना त्यांच्या दारातली वस्तू आपण अशी हलवू का?

नवखा_प्रवासी
माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. त्यावर हे जमेल का?

छायाचौकट
निश्चित जमेल. चोर्तेनच्या पांढऱ्या भागावर बोट दाबून धरावे म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही कायम होतात, मग बाजूला सूर्याचे चिन्ह येते ते किंचित वर सरकवावे. दोनपट किंवा तीनपट भिंगाचा कॅमेरा असेल तर तोच वापरावा. आणि सुशोभीकरणाचे सगळे फिल्टर बंद ठेवावेत, कारण ते धुके पुसून टाकतात आणि तांबडा पट्टा भडक करतात.

हिमरेषा
प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसांविषयी कोणी लिहिले नाही. माणसाशिवाय हे स्मारक अपुरे वाटते, पण हातात माळ घेऊन कोणी चालत असताना समोर जाऊन चित्र घेणेही बरे नव्हे. तुम्ही काय करता?

सीमेवरची
मी आधी एक फेरी प्रदक्षिणा घालणाऱ्या बायकांच्या मागून घालत असे. दुसऱ्या फेरीला बहुतेक वेळा त्याच आपणहून हसायच्या. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवून मान हलवून विचारले की कळते. कोणी नकार दिला तर तिथेच थांबायचे. पाठमोरे चित्रही घ्यायचे तर विचारूनच. घाई असणाऱ्यांनी माणसे टिपू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

देवराई
आठवडाभर तुमचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि काल रात्री ती दोनशे छायाचित्रे परत उघडली. यावेळी सुंदर कोणते ते न पाहता, कातळवाट यांनी सांगितल्याप्रमाणे थर कुठे दिसतात ते पाहिले. बहुतेकांत दिसले नाहीत.

एक मात्र सापडले. ते मी नको असलेल्यांमध्ये टाकले होते, कारण त्यात धुके इतके दाट आहे की निम्मी चौकट रिकामीच वाटते. मी मधल्या थराच्या टोकाला उभी होते आणि ओळ तिरकी पलीकडे जात होती. पहिले तीन चोर्तेन पूर्ण दिसतात, ओघळांसकट. चौथ्यापासून भिंतींच्या कडा विरत जातात. सातव्या-आठव्याला भिंत उरतच नाही, कारण पांढरा चुना पांढऱ्या धुक्यात मिसळून गेला आहे, पण तांबडे पट्टे तेवढे दिसत राहतात. कशाचाही आधार नसलेले, हवेत एकापुढे एक. नऊ मोजता येतात. दहावा आहे की नाही हे मला ठामपणे सांगता येत नाही. एक वयस्क बाई उजव्या कडेला पाठमोरी चालते आहे, तिचा माळ धरलेला हात तेवढा स्पष्ट आला आहे. हे चित्र मी तिला न विचारता घेतले होते, त्यामुळे कडा कापून तिला बाहेर ठेवावे असे ठरवले आहे. हात गेल्याचे वाईट वाटते.

आज सकाळी ते सासूबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ही कोणाची आहेत?” मग मी त्यांना सगळे सांगितले.

खाली या ओळी देणार आहे: “द्रुक वांग्याल चोर्तेन, दोचुला, भूतान. डिसेंबर 2003 च्या मोहिमेत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ 2004 मध्ये उभारलेल्या 108 चोर्तेनांपैकी मधल्या थरातील काही.” यात काही दुरुस्ती असल्यास सांगावी. आणि छायाचौकट, तो दहावा पट्टा संगणकावर थोडा गडद करून स्पष्ट करावा का?

छायाचौकट
ओळी योग्य आहेत. दहाव्याला हात लावू नका.